पेन्शनचा सातबारा पंचेचाळिशीतच हातात द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त आणि केंद्रीय विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

विषय : ४५ वर्षे पूर्ण झालेल्या कामगारांच्या सेवेच्या नोंदी तपासून कायम करण्याबाबत

महोदय,

सातबाऱ्यावर नाव चुकले तर गावचा माणूस तलाठ्याकडे खेटे घालतो, फेरफार करून घेतो आणि नवा उतारा हातात पडेपर्यंत स्वस्थ बसत नाही. त्याच घरातला चाकणला किंवा वाळूजला कामाला लागलेला मुलगा मात्र वीस वर्षे पगारातून बारा टक्के कापू देतो, आणि आपल्या नावावर नेमकी किती वर्षांची सेवा लागली आहे हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळते, तेही पेन्शनचा १०-डी अर्ज परत आल्यावर. तोवर ठेकेदाराने गाशा गुंडाळलेला असतो, कंपनीचे नाव बदललेले असते, हजेरीचे रजिस्टर रद्दीत गेलेले असते.

आम्ही पीएफचे दावे भरण्याचे आणि फेटाळलेले दावे पुन्हा उभे करण्याचे काम रोज करतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाची नोकरी गेली की तो पहिल्यांदा विचारतो, “किती पैसे निघतील?” दुसरा प्रश्न, “पेन्शन बसेल का?” पहिल्याचे उत्तर पासबुकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर आज कुठल्याही एका कागदावर नाही. ते तीन-चार मेंबर आयडी (नोकरी बदलली की मिळणारे पीएफचे नवे खातेक्रमांक), त्यांच्यासमोरच्या तारखा आणि प्रादेशिक कार्यालयांमध्ये फिरणारे एक जोडपत्र यांच्यातून शोधून काढावे लागते. कामगार पंचेचाळीस वर्षांचा झाला की त्याच्या सेवेचा हिशेब तपासून, मालकाकडून पक्का करून, त्याच्या हातात द्यावा, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे. तेरा वर्षे हाताशी असताना चूक दुरुस्त होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती दुरुस्त करायला पलीकडे कुणी उरलेले नसते.

एक नमुना मांडतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. वय ४७, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर काम. पहिल्या ठेकेदाराकडे ५ वर्षे २ महिने, दुसऱ्याकडे ४ वर्षे, तिसऱ्याकडे ७ महिने. मशीन तेच, गेट तेच, सुपरवायझर तोच. बदलत गेला गेटपासवरचा ठेकेदाराचा शिक्का आणि त्याच्याबरोबर पीएफचा मेंबर आयडी. बेरीज ९ वर्षे ९ महिने. १९९५ च्या पेन्शन योजनेत सहा महिने किंवा त्याहून मोठा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ही सेवा १० वर्षांची झाली आणि मासिक पेन्शनचा हक्क लागला. पेन्शनपात्र पगार १५,००० धरला तर योजनेच्या सूत्राप्रमाणे १५,००० गुणिले १०, भागिले ७०, म्हणजे महिना २,१४३ रुपये. एवढ्यात घर चालत नाही हे आम्हालाही कळते. पण ही रक्कम मरेपर्यंत येते आणि मागे पत्नीलाही कुटुंब पेन्शन मिळते.

आता धरा, तिसऱ्या ठेकेदाराने सात महिने पैसे कापले पण भरले नाहीत. संगणकातली सेवा ९ वर्षे २ महिने, म्हणजे नऊच. मासिक पेन्शन गेली, हातात एकरकमी परतावा. पेन्शन खात्यात ठेकेदाराने भरायचे होते महिना १,२५० रुपये, सात महिन्यांचे ८,७५०. एवढ्या बुडवेगिरीची किंमत कामगार पुढची सगळी हयात मोजतो. ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला जातो की नाही हे पाहण्याची शेवटची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहे, थकबाकीवर १२ टक्के व्याज आणि वर दंडही आहे. पण तक्रार कधी होते? माणूस कामावर असताना सहसा नाहीच, कारण पुढच्या ठेकेदाराच्या यादीत नाव हवे असते. तक्रार होते नोकरी गेल्यावर, बहुतेकदा दावा फेटाळल्यावर.

पेन्शन जाण्याचा दुसरा रस्ता याहून सरळ आहे, आणि त्यात ठेकेदाराचा दोषही नाही. पहिले काम सुटले, घरात पैसे हवेत, म्हणून माणूस सायबर कॅफेत जातो. तिथला पोरगा पीएफ काढण्याच्या फॉर्म १९ बरोबर पेन्शनच्या परताव्याचा १०-सीही भरून देतो, कारण दोन्ही भरले की रक्कम जास्त दिसते आणि त्याचेही पैसे दोन फॉर्मचे होतात. १०-सीने पेन्शनचा परतावा घेतला की ती ५ वर्षे २ महिने पुसली गेली. पुढे बेचाळिसाव्या वर्षी त्याला दुसरीकडे १८,००० मूळ पगारावर काम लागले, तर तो पेन्शन योजनेत परत येऊच शकत नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर पगारावर नव्याने येणाऱ्याला ती योजना बंद आहे, आणि परतावा घेतलेला माणूस नवाच धरला जातो. पैसे काढायचेच असतील तर पीएफचे काढा, १०-सीमध्ये परताव्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागा, म्हणजे सेवा जिवंत राहते, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पोर्टलवर मात्र परताव्याचा अर्ज बोटाखाली असतो आणि प्रमाणपत्राचे नाव सहज दिसत नाही.

तिसरा रस्ता बदलीचा. जुन्या आयडीतले पीएफचे पैसे नव्यात आले की माणूस निश्चिंत होतो. मग पासबुकाचा पेन्शनचा रकाना उघडतो, तिथे मागच्या रकमेच्या जागी शून्य, आणि धावत येतो. घाबरण्यासारखे त्यात काही नसते. पेन्शनचे पैसे एका आयडीतून दुसऱ्यात जात नाहीत, सेवेचा कालावधी तेवढा जातो, आणि तो ‘जोडपत्र के’ नावाच्या कागदावरून. ते जोडपत्र नव्या कार्यालयाला पोचले की नाही, त्यात सेवा किती आणि बिनहजेरीचे दिवस किती, हे कामगाराला आपणहून कुणी कळवत नाही. या बिनहजेरीच्या दिवसांना तुमच्या भाषेत एनसीपी म्हणतात. कारखान्यात ब्लॉक क्लोजर झाले, म्हणजे काही दिवस काम बंद ठेवले, की काही ठेकेदार पगारी दिवससुद्धा त्याच रकान्यात टाकतात, आणि तेवढे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. महिन्याला चार दिवस प्रमाणे दहा वर्षांचे ४८० दिवस होतात. वर दिलेल्या नमुन्यात एवढ्या दिवसांनीही पेन्शन जाते.

नावे आणि जन्मतारखांबद्दल दिल्लीत बसून कल्पना येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी १ जून लिहायचे. आज पन्नाशीत असलेल्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर त्या दिवशी राज्यातली सगळी इस्पितळे तुडुंब भरली असतील असे वाटावे. त्याच माणसाने आधार काढताना फक्त जन्मवर्ष सांगितले असेल तर तिथे १ जानेवारी लागली. पीएफला १ जून, आधारला १ जानेवारी. नावाचे तसेच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. वडिलांचे नाव कुठे पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. इंग्रजीत लिहिताना लक्ष्मणची दोन स्पेलिंगे, ज्ञानेश्वरची सुरुवात कुणी डीने करतो, कुणी जीने. ‘बाई’, ‘राव’, ‘भाऊ’ एका कागदावर नावाला चिकटलेले, दुसऱ्यावर गळालेले. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही वेगळे. ऑक्टोबर २०१७ नंतर आधारशी पडताळून निघालेल्या यूएएनवर (सगळे मेंबर आयडी जोडणाऱ्या पीएफच्या कायम क्रमांकावर) सदस्याला बहुतेक दुरुस्त्या स्वतः करता येतात, ही सोय चांगली झाली. पण पंचेचाळिशीच्या पुढचा कामगार बहुधा त्याआधीच्या यूएएनचा. त्याच्या दुरुस्तीला मालकाची मंजुरी लागते, आणि मालक बंद पडलेला असला तर संयुक्त घोषणापत्र, साक्षांकन, पुन्हा कार्यालय. ज्याला या सोयीची गरज सगळ्यात जास्त, नेमका तोच बाहेर राहिला.

आता नोकरी जाण्याचा प्रसंग. त्या दिवशी एचआरच्या टेबलावर काय घडते, यावर पुढचे बरेच ठरते. कामगार कपात केली असे मालकाने लेखी दिले तर नोटीस किंवा नोटिशीचा पगार, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार खात्यात, तोही ४५ दिवसांत. माणसाने ‘वैयक्तिक कारणास्तव’ म्हणून राजीनामा लिहून दिला की यातले काहीच नाही. ग्रॅच्युइटी तेवढी राहते, शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षे. म्हणून छापील राजीनामा तयार असतो आणि पेन पुढे केले जाते. कपातीला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेल्यापासून मधल्या आकाराच्या कारखान्यांत मालकावर उरलेला दाबही सैल झाला.

यात पीएफचा संबंध काय, असे आपण विचाराल. मालक नोकरी सोडल्याची तारीख भरताना कारणही निवडतो. कपात झालेला, राजीनामा लिहून घेतलेला आणि खरोखर स्वतःहून सोडून गेलेला, तिघेही ‘नोकरी संपली’ या एकाच कारणाखाली जातात. कपात असा वेगळा पर्याय तिथे द्या आणि तो निवडताना कामगाराच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ द्या. माणूस कसा बाहेर पडला याची नोंद त्या महिन्यातच सरकारी संगणकात राहील. पुढे कामगार न्यायालयात त्या एका ओळीचे मोल वकिलाच्या दहा पानांएवढे असेल.

तारखेचेही एक दुखणे आहे. मालकाने ती भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगार स्वतः भरू शकतो. सोय बरी आहे. अडचण अशी की काही ठेकेदार मागची थकबाकी नंतर भरतात. मग कामगाराने टाकलेली तारीख आधीची आणि भरणा पुढच्या महिन्याचा, आणि दावा अडकतो. पीएफची तारीख आहे पण पेन्शनची रिकामी, असेही दिसते. दोन नोकऱ्यांच्या तारखा आठवडाभर एकमेकींवर चढलेल्या, हा प्रकार तर रोजचा, कारण जुना ठेकेदार महिनाअखेर लिहितो आणि नवा गेटपास २५ तारखेलाच निघालेला असतो. फेटाळल्याचे कारण येते एका ओळीत, इंग्रजीत, आणि पुष्कळदा तीन चुकांपैकी एकच लिहिलेली असते. ती दुरुस्त करून अर्ज केला की दुसरी. एकाच वेळी तिन्ही सांगायला काय हरकत आहे?

१३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत आपल्या मंडळाने बेरोजगार सदस्याला पीएफची पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत २ महिन्यांवरून १२ महिने आणि पेन्शनचा परतावा घेण्याची मुदत २ महिन्यांवरून ३६ महिने करण्याला मंजुरी दिली. खात्यात किमान २५ टक्के राहू द्यावेत असेही ठरवले. यावर बरीच ओरड झाली. आमचे मत जरा वेगळे आहे. पेन्शनच्या ३६ महिन्यांना आमचा पाठिंबा आहे. १०-सीने केलेले नुकसान आम्ही रोज पाहतो, आणि तीन वर्षांत बहुतेकांना कुठे ना कुठे पुन्हा काम लागते. पीएफच्या पैशालाही तोच हिशेब आहे. ४७ व्या वर्षी खात्यात ४ लाख असले आणि ते हात न लावता ठेवले, तर ८.२५ टक्क्यांनी ५८ व्या वर्षी साधारण साडेनऊ लाख होतात. नोकरी सुटलेल्याच्या खात्यावरही ५८ वर्षांपर्यंत व्याज मिळते, ते बंद पडते हा गैरसमज आहे. पण घराचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज आणि मुलीची कॉलेजची फी ज्याच्या डोक्यावर आहे त्याला हा हिशेब ऐकवून भागत नाही. त्याला ७५ टक्के लगेच मिळतील असे आपण म्हणता. ते लगेच मिळायला तारखा आणि नावे जुळलेली असावी लागतात. म्हणजे गाडी परत तिथेच येते.

पीएफ-पेन्शनचा सक्तीचा भरणा ज्या पगारापर्यंत धरतात त्या मर्यादेबद्दल थोडक्यात. जून २००१ मध्ये ती ६,५०० झाली, सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००, आणि हे लिहीत आहोत तोवर तिथेच आहे. मर्यादेवर भरणाऱ्या मालकाच्या १,८०० रुपयांतले १,२५० पेन्शनला जातात आणि पीएफला उरतात ५५०. पेन्शन काढताना सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला ६,५०० चीच फूटपट्टी लागते. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. बुलढाण्याला जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषणाला बसलेले पेन्शनर ७,५०० आणि महागाई भत्ता मागतात, तो आकडा ऐकून चैनीचा वाटत असेल तर गॅस सिलिंडर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची एका महिन्याची पावती बघावी. मर्यादा वाढवण्याचा निर्णय सरकारचा आहे आणि त्याला पैसा लागतो हे आम्ही जाणतो. आमच्या मागणीला जवळपास काहीच लागत नाही, म्हणून ती पुढे ठेवतो.

सदस्याला ४५ वर्षे पूर्ण होतील त्या महिन्यात त्याच्या सगळ्या मेंबर आयडींचा एक उतारा प्रादेशिक कार्यालयाने काढावा. प्रत्येक आयडीची एक ओळ : आस्थापनेचे नाव आणि कोड, रुजू झाल्याची तारीख, पीएफची आणि पेन्शनची सोडल्याची तारीख, पेन्शनचा भरणा झालेले महिने, बिनहजेरीचे दिवस, जोडपत्र के आले की नाही, १०-सी घेतला होता की नाही. खाली पेन्शनची एकूण सेवा, दहा वर्षांना कमी पडणारे महिने, आणि आजच्या हिशेबाने बसणारी पेन्शन. भाषा मराठी असावी, निदान महाराष्ट्रातल्या कार्यालयांनी काढलेल्या उताऱ्यांची तरी. जिथे रिकामी जागा असेल तिथे मालकाला ३० दिवसांची नोटीस जावी. ठेकेदार सापडत नसेल तर मूळ मालकाला, कारण काम त्याच्या गेटच्या आत झाले. तोही गप्प बसला तर कामगाराचा पुरावा ग्राह्य धरावा. पगारपत्रक, बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, आणि सगळ्यात भरवशाची ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, नोंद. २१,००० पर्यंत पगार असलेल्याचे महिन्याचे हजेरीचे दिवस ईएसआयसीकडे असतात. ती आणि पीएफ, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छपराखाली आहेत. एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत न्यायला कामगाराला का पळवता?

असा उतारा एकदा कायम झाला की ५८ व्या वर्षी तो पुन्हा उकरून काढायचा नाही. १०-डीच्या वेळी फक्त शेवटच्या तेरा वर्षांची भर घालायची. तिथेही एक डोळा ठेवावा लागेल. ५८ पूर्ण झाल्यावर मालकाचा पेन्शनचा भाग थांबून सगळा पीएफला जायला हवा. काही पगारपत्रकांत तो तसाच चालू राहतो आणि चारदोन महिन्यांच्या त्या चुकीच्या भरण्यावरून अख्खा दावा लोंबकळतो.

ज्यांची पंचेचाळिशी उलटून गेली आहे त्यांनी थांबू नये, म्हणून हे पत्र वाचणाऱ्या कामगार बंधू-भगिनींसाठी चार ओळी इथेच लिहितो, आपली परवानगी गृहीत धरून. पोर्टलवर सेवेचा इतिहास उघडा, प्रत्येक ओळीतल्या तिन्ही तारखा वहीत उतरवा, जी रिकामी असेल तिथे खूण करा. पासबुकात प्रत्येक महिन्याला पेन्शनच्या रकान्यात आकडा आहे का बघा; मर्यादेच्या खाली पगार असेल तर तो मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ८.३३ टक्के हवा. जुने आयडी जोडून घ्या, मग जोडपत्र के मागा. नामनिर्देशन भरलेले नसेल तर आजच भरा. सेवा साडेनऊ वर्षांच्या आसपास असेल तर १०-सी कुणालाही भरू देऊ नका, मग तो पोरगा कितीही ओळखीचा असो.

मंडळात दहा प्रतिनिधी मालकांचे आहेत, दहा कामगारांचे, पंधरापर्यंत राज्यांचे. या एका विषयावर तिन्ही बाजूंचे भांडण व्हायचे कारण आम्हाला दिसत नाही. चांगल्या मालकाला बुडव्या ठेकेदार वेळीच कळेल, राज्याच्या कामगार खात्याकडच्या तक्रारी घटतील. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर भरतेच. पुढच्या शिबिरात पुणे आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत ४५ वर्षांवरच्यांसाठी एक वेगळे टेबल लावा, संगणकावर एक माणूस बसवा, आणि संध्याकाळी फक्त मोजा : किती जणांच्या सेवेच्या सगळ्या तारखा भरलेल्या निघाल्या. तो आकडा मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवा. उताऱ्याचा नमुना हवा असेल तर आम्ही तयार करून देऊ.

आपले,
पीएफ आणि पेन्शनच्या कागदांचे काम रोज करणारे काही जण
पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज